धोंडशीर तुटली तो हिवाळा

टाचेमागची शीर तुटते तेव्हा आधी दुखत नाही, आधी राग येतो. मला तरी आला. पहाटेच्या धुक्यात मी मखमलाबादकडच्या कालव्याच्या रस्त्यानं जोरात पळत होते आणि डाव्या टाचेच्या वर कुणीतरी दगड मारला. नेम धरून, सणसणीत. मी एका पायावर वळले आणि शाळेतल्या बाईंच्या तोंडी शोभणार नाही अशा भाषेत त्या दगड मारणाऱ्याचा उद्धार केला. रस्ता रिकामा होता. दगडही कुठे दिसेना.

दगडाची शंका मला उगाच आली नव्हती. दिल्लीत एशियाड झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. नाशकात तेव्हा पहाटे पळणारी बाई म्हणजे एक तर चोरीला गेलेल्या वस्तूमागे धावणारी, नाहीतर डोकं फिरलेली. मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते आणि जिल्ह्याच्या क्रॉस कंट्रीत आदल्या वर्षी दुसरी आले होते. हिवाळ्यात मी नवऱ्याची जुनी पँट, स्वेटर आणि माकडटोपी घालून पळायचे. लांबून पुरुष वाटायचे, पण जवळ आलं की वेणी चुगली करायची. मग शिट्ट्या, मग खडे. दोनदा खरंच खडे आले होते. एकदा मी उलट पळत जाऊन एकाची कॉलर धरली होती, त्याचं मला आजही बरं वाटतं.

त्या दिवशी मात्र दगड नव्हता. माझी धोंडशीर तुटली होती. टाचेच्या वर हात लावला की ताठ दोरासारखी लागते ना, ती. हे कळायला मला आठवडा लागला, आणि तो आठवडा कसा गेला हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे. आजकाल थंडीत पळणाऱ्या कितीतरी बायका मला विचारत असतात. त्यांना सगळं सांगायला बसले तर त्यांचं पळणं राहील.

शेकोटी

आमची वसाहत पेठ रोडला. थंडीत पहाटेपासून गल्लीत शेकोटी पेटायची. लाकडाचा भुसा, खोक्यांच्या फळ्या, कधी सायकलचा टायर. कामाला निघणारे, पाण्याला निघणारे, सगळे घटकाभर तिथे उकिडवे बसायचे. मीही बसायचे. बूट काढून तळपाय धरायचे, पोटऱ्या आगीकडे करायचे. चटका बसेपर्यंत शेकायचं आणि बूट चढवून सुसाट सुटायचं. "बाई, पाय चांगले तापवून घ्या," असं सगळे सांगायचे, आणि मला ते पटायचं.

इथेच सगळं चुकत होतं. आगीनं तापते ती कातडी. आतली शीर तशीच गार आणि आखडलेली राहते. ती गरम होते चालण्यानं, हळू पळण्यानं. आगीपासून उठून एकदम जोरात पळणं म्हणजे आखडलेल्या दोरीला हिसका देणं. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पण आमच्या अख्ख्या वसाहतीत, शाळेत, मैदानावर एकालाही ते ठाऊक नव्हतं, कारण नाशकातली थंडी आम्ही सगळेच शेकोटीवर काढलेली माणसं.

त्या पहाटे थंडी फार होती. द्राक्षबागांचे मालक मणी तडकू नयेत म्हणून बागेत ओला पाला पेटवून धूर करत बसले होते. तो धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर उतरला होता. अशा वेळी मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला पुढचं माणूस दिसत नाही, म्हणून मी पाठीला पांढरा पंचा बांधायचे. तुम्हीही काहीतरी पांढरं बांधा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझा आरडाओरडा ऐकून बागेतून एक शेतकरी धावत आले. त्यांनी मला मेथीच्या जुड्यांनी भरलेल्या बैलगाडीत बसवलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. गल्लीत सगळ्यांनी पाहिलं. शेकोटीवरचं कुणीतरी म्हणालं, "पळत गेल्या आन् गाडीनं आल्या." मी हसले. तोवर मला वाटत होतं, लचक आहे.

आत्यांचा पाय

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या वणीकडच्या. त्या पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. पायाळू माणसानं पाय लावला की उसण आणि लचक जाते, असं आपल्याकडे मानतात. आत्यांच्या पायाला आमच्या पेठ रोडला मोठा मान होता. सकाळी कमरेत उसण भरलेली माणसं दारात वाकून उभी असायची. आत्या चहा पीत पीत त्यांच्या पाठीवरून पाय फिरवायच्या. "लाथ नाय म्हनायचं त्याला," असं त्या बजावायच्या. "पाय लावला म्हनायचं."

माझ्या नवऱ्याची यात भारी पंचाईत व्हायची. हे अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि रविवारी विहारात वंदना झाली की अंधश्रद्धेवर बोलायला उभे राहायचे. बोलून घरी यावं तर दारात आईची रांग. एकदा त्यांनी आत्यांना समजावून पाहिलं. आत्या म्हणाल्या, "मी पैसा घेते का? देव सांगते का? मान्सं वाकून येत्यात आन् ताठ जात्यात. तुझ्या भाषनानं कोन ताठ झालं?" त्यानंतर ह्यांनी तो विषय काढला नाही.

तर आत्यांनी मला पालथं झोपवलं आणि कोमट तेल लावून टाचेच्या वर पाय फिरवला. मग चोळलं. मग विटकर तापवून, कापडात गुंडाळून शेक दिला. रोज सकाळ-संध्याकाळ. मनापासून, स्वतःची कंबर दुखेस्तोवर. पाय सुजून भोपळा झाला. तरी मी सपाट पाऊल टाकत लंगडत चालू शकत होते, म्हणून सगळे म्हणत होते, मोडलेलं नाही, मोडलं असतं तर चालली असती का?

खरं काय ते कळलं तिखटाच्या डब्यामुळे. डबा वरच्या फळीवर होता. मी हात वर केला, टाचा उचलल्या. उजवी उचलली, डावी जमिनीलाच. पुन्हा केलं. डाव्या पायाला माझा हुकूमच पोचत नव्हता. मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. ह्यांना हाक मारली तेव्हा माझा आवाज इतका बारीक निघाला की ते साबणाचं तोंड घेऊन बाहेर आले.

तेव्हा मनापासून सांगते: पळताना टाचेमागे फटका बसल्यासारखं झालं आणि नंतर चवड्यावर उभं राहता येईना, तर चोळू नका, शेकू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात पायाळू सासू असली तरी.

पाय माझा

हाडांच्या डॉक्टरांनी मला पालथं झोपायला सांगितलं, पावलं टेबलाबाहेर. उजवी पोटरी दाबली, तर पाऊल हललं. डावी दाबली. पाऊल लोंबतच राहिलं. मला ते दिसत नव्हतं, पण ह्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो पुरेसा होता.

डॉक्टर ह्यांच्याकडे बघून बोलू लागले. "तुमच्या मिसेसची शीर पूर्ण तुटली आहे. ऑपरेशन करावं लागेल. उशीर झालाय, तुटलेली टोकं आत ओढली गेली असणार. पण चालतील त्या. घरकाम करतील."

"डॉक्टरसाहेब," मी पालथी पडल्या पडल्याच म्हणाले, "पाय माझा आहे. मला सांगा."

मग डॉक्टर स्टूल ओढून माझ्या तोंडासमोर येऊन बसले. हा माणूस मोठा. त्यांनी कागदावर टाच काढली, शीर काढली, तुटते कुठे आणि शिवतात कशी ते दाखवलं. मी विचारलं, "पळेन का?"

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"मला माहीत नाही. मी ही शीर शिवली आहे ती पुरुषांची. कुणी परत पळायचंय म्हणून विचारलं नाही."

"मी विचारतेय."

"मग बघू," ते म्हणाले. एवढ्या 'बघू'वर मी पुढचे महिने काढले.

घरी आल्यावर आत्यांना सांगावं लागलं. ह्यांनी सांगितलं, सरळ आणि थोडं कठोर. आत्या उठून मोरीत गेल्या आणि कितीतरी वेळ पाय धूत बसल्या. मला ऑपरेशनची भीती वाटत होतीच, पण मला रडू आलं ते त्यांच्या त्या पाय धुण्यानं.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर, पाऊल खाली ओढून बांधलेलं. थंडीत ओलं प्लॅस्टर वाळता वाळत नाही. आत एवढा गारठा की दात वाजायचे. सकाळी सिस्टर थर्मामीटर घेऊन यायच्या, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग आमच्या वॉर्डातला सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम: ऊन. खिडकीतून येणारी उन्हाची पट्टी खाटांवरून सरकायची, आणि जिच्या खाटेवर ती असेल तिच्याकडे बाकीच्या हेव्यानं बघायच्या. आत्या रोज डबा घेऊन यायच्या. पट्टी माझ्या खाटेवर आली की माझं प्लॅस्टर उन्हात सरकवायच्या आणि ऊन हलेल तसं हलवत राहायच्या.

शेजारच्या खाटेवर कळवणच्या एक म्हातारबाई होत्या, विहिरीच्या पायरीवरून घसरून मांडीचं हाड मोडलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी चौकशी केली.

"काय मोडलं वं बाई?"

"मोडलं नाही, मावशी. पळताना शीर तुटली."

"कोन मागं लागलं व्हतं?"

"कुणी नाही."

"मंग कशाला पळाली?"

"अशीच. रोजच पळते."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पलीकडच्या खाटेला मोठ्यानं बातमी दिली, "आगं, हिच्या मागं कोनीच नव्हतं! अशीच पळत व्हती!" वॉर्डभर हशा पिकला. मीही एवढी हसले की टाके ओढले गेले. मग त्यांनी विचारलं, पळून काय होतं. मी सांगितलं, शर्यत असते, मागच्या वर्षी दुसरी आले. दुसऱ्या दिवशी मावशींचा मुलगा भेटायला आला तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही जिल्ह्यात दुसरी हाय." मी कपबिप काही जिंकलं नव्हतं, पण त्या दिवशी उशीला टेकून मी जरा ताठच बसले.

वॉर्डात उसण भरलेल्या एक बाई होत्या. आत्या पायाळू असल्याचं त्यांना कुठून तरी कळलं. त्यांनी खूप विनवलं. आत्यांनी पदर तोंडाला लावून नाही म्हटलं, आणि पाऊल लुगड्याखाली ओढून घेतलं.

भीती कधी वाटायची? दुपारी. सगळे झोपलेले असताना मी प्लॅस्टरच्या आत बोटं हलवून पाहायची. हलली की जीव भांड्यात पडायचा. आणि मग लगेच वाटायचं, बोटं हलण्यात आनंद मानायची पाळी आली का माझ्यावर? मी जिल्ह्यात दुसरी आलेली बाई. तेव्हा खरंच फार एकटं वाटायचं.

बस झालं

घरी आल्यावर स्वयंपाक ह्यांच्याकडे आला. आत्यांची कंबर गेली होती, माझा पाय टेबलावर. हे पहाटे भाकरी थापायचे, म्हणजे थापायचा प्रयत्न करायचे, आणि मग अंबडला सायकलनं शहर ओलांडून जायचे. कारखान्यात चेष्टा व्हायची. ते सांगायचे नाहीत, पण मला कळायचं.

एका संध्याकाळी मी डॉक्टरांचं 'बघू' पुन्हा काढलं, पुढच्या हिवाळ्याचं काहीतरी बोलले. ह्यांनी परात खाली ठेवली.

"तुझ्या पळण्याला मी कधी नाही म्हटलं?"

"कधीच नाही."

"आता म्हणतो. बस झालं."

"पाय माझा—"

"पाय तुझा आहे, माहीत आहे, सगळ्या दवाखान्याला माहीत आहे! पण तुला आत नेलं तेव्हा बाहेर बाकड्यावर कोण बसलं होतं? मी बसलो होतो. परत मी तिथं बसणार नाही."

दोन दिवस रागानं मला जेवण जाईना. त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. पण मीही खोटी नव्हते. पळणं सोडलं तर माझ्याकडे राहिलं असतं काय? शाळेची शिट्टी आणि वरच्या फळीवरचा डबा. मला ते नको होतं आणि हे मी त्यांना मोठ्यानं सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरी हरवल्यासारखी झाली होती, मनगटाएवढा पाय. डॉक्टर म्हणाले, टाच एकदम जमिनीला टेकवायची नाही. चपलेत टाचेखाली उंची हवी, आणि ती हळूहळू कमी करायची. संध्याकाळी ह्यांनी खिशातून काहीतरी काढलं. रबराच्या पट्ट्या, टाचेच्या आकारात कापलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, एकावर एक चिकटवलेल्या. कारखान्यातल्या भंगारातल्या रबराच्या होत्या. बुटात अशा बसल्या की फिटरचं काम कशाला म्हणतात ते कळावं.

"चालण्यासाठी आहेत," ते म्हणाले. "पळण्यासाठी नाहीत."

"कळलं," मी म्हणाले.

दर थोड्या दिवसांनी ते एक थर सोलून काढायचे. मी चालून दाखवायची. ते जमिनीवर बसून, मान वाकडी करून माझी टाच बघायचे, मशीन बघावं तशी. शेवटचा थर निघाला त्या दिवशी त्यांनी तो फेकला नाही, हातात धरून बसले. मग मी उंबऱ्यावर उभी राहिले, चौकट धरली आणि डावी टाच उचलायचा प्रयत्न केला. बोटभर उचलली. लगेच पडली. पुन्हा. रोज, दात घासताना, भात शिजताना, रेडिओवर बातम्या लागल्या की. पावसाळा संपता संपता मी एका डाव्या चवड्यावर उभी राहिले आणि फळीवरचा सगळ्यात मागचा डबा काढला. त्यात काय होतं ते आता आठवत नाही. आत्यांनी मात्र शेजारणीला बोलावून ते मला पुन्हा करून दाखवायला लावलं.

आत्यांचंही तोवर ठरलं होतं. कुणी लंगडत दारात आलं की त्या म्हणायच्या, "आधी चवड्यावं उभं राहून दाखव." नाही जमलं तर "चल ऊठ, दवाखान्यात जा. तिथून आल्यावं मंग पाय लावते." एका माणसाला त्यांनी असं वेळेवर दवाखान्यात धाडलं की त्याची बायको पेढे घेऊन आली. ह्यांनी विहारात त्याबद्दल सांगितलं. आईचं नाव घेऊन सांगितलं.

शाळेत मुलींना मी खुर्चीत बसून शिकवलं. एकच नियम केला: आगीपासून उठून कुणी पळायचं नाही. आधी चालायचं, घाम फुटेपर्यंत हळू पळायचं, मग जोर. "बाई, थंडी वाजते," त्या कुरकुरायच्या. "वाजू दे," मी म्हणायची. त्या वर्षी आमच्या मुली जिल्ह्यात तिसऱ्या आल्या आणि एकीचाही पाय दुखावला नाही. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

चढ

दिवाळी उलटली, थंडी पडली. डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला आणि म्हणाले, "तुम्ही विचारलं होतंत ना? पळा. हळू पळा." रात्री जेवताना मी ताटाकडे बघत म्हणाले, "उद्या पहाटे मी जाणार आहे." हे भाकरी मोडत राहिले.

पहाटे मी बाहेर आले तर हे दारात उभे. गळ्याला मफलर, हातात सायकल, हँडलला जेवणाचा डबा.

"एवढ्या लवकर?"

"कामाला चाललोय."

अंबड तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी मखमलाबादकडे निघाले, आणि कामाला निघालेले हे माझ्या मागे. मी आधी चालले. चांगली कालव्यापर्यंत चालले. तोवर ते सायकल इतकी हळू चालवत होते की दोनदा पडता पडता राहिले. मग मी पळायला लागले. पहिलं पाऊल मी जपून टाकलं, डावी टाच हळूच उचलली. मग दुसरं पाऊल पडलं. मग मी मोजायचं सोडून दिलं. मागून त्यांच्या डायनॅमोच्या दिव्याचा उजेड माझ्या पुढे पडत होता, त्यात रस्त्यावरचे खड्डे दिसत होते.

गावाच्या पुढे चढ लागला. अंग तापलं होतं, श्वास लागला होता पण सुटला नव्हता. पायात ती जुनी चाल आली आणि मी जोर लावला. उजेड मागे पडला, मग विझला. ते सायकलवरून उतरले होते. "अगं, थांब जरा!" त्यांनी हाक मारली. "थांब की!"

मी थांबले नाही.

चढाच्या माथ्यावर पोचले तेव्हा फटफटलं होतं. वळून पाहिलं. खाली हे सायकल ढकलत, धापा टाकत येत होते आणि एक दूधवाला त्यांच्याजवळ थांबला होता. थंडीत आवाज लांबवर येतो.

"काय हो, पंक्चर झाली का?"

"नाही, नाही," हे म्हणाले, आणि हँडल सोडून माझ्याकडे हात केला. "ती वर पोचली ना, ती आमची बायको."